कांद्याच्या हिशोबपट्टीला टर्मिनल की ब्राउझर?

गोदाकाठ_कोड
नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत काट्यावरून वजन येतं, लिलावातून भाव येतो आणि काउंटरवर हिशोबपट्टी निघते. त्या काउंटरला ब्राउझर कशाला? टॅब-एंटरवर पळणारी टर्मिनलची, म्हणजे नुसत्या अक्षरांची, स्क्रीन द्या. बाहेर ट्रॅक्टरची रांग असताना माउसला हात लागता कामा नये. एसएसएचवर, म्हणजे दूरच्या सर्व्हरला जोडून, जुनाट पीसीही चालतो, आणि लाइन गेली तरी टीमक्समुळे (सर्व्हरवर काम चालू ठेवणारा प्रोग्राम) अर्धवट पट्टी सर्व्हरवर शाबूत राहते.

सातपूर_शिफ्ट
टीमक्सचं मान्य. पण मराठीचं काय करणार? टर्मिनल ठराविक रुंदीच्या घरांत अक्षरं बसवतं. ‘त्र्यंबक’ घ्या: कोडपॉइंट (युनिकोडमधली सुटी चिन्हं) 8, नेहमीच्या रुंदी-मोजणीत घरं 5, डोळ्यांना अक्षरं 3. प्रोग्राम एक रुंदी धरतो, टर्मिनल दुसरीच काढतं आणि पुढचे सगळे रकाने सरकतात. वजन भावाखाली दिसलं की काउंटरवर भांडण ठरलेलं.

गोदाकाठ_कोड
नाव शेवटच्या रकान्यात टाका, सरकायला पुढे काही उरतच नाही. छपाई तशीही पीडीएफमधून. उलट ब्राउझरमध्ये ‘नवी पट्टी’ला कंट्रोल-एन लावून दाखवा! साध्या टॅबमध्ये क्रोम ती कळ पानापर्यंत पोचूच देत नाही. कंट्रोल-डब्ल्यू चुकून दाबलं तर टॅबच गायब.

सातपूर_शिफ्ट
म्हणून एफ2, एफ8 वापरायचे. एंटरने फॉर्म सबमिट होतो, तो अडवून फोकस पुढच्या रकान्यात न्यायचा. फक्त आधी इझकंपोझिंग (शब्द अजून जुळवला जातोय का, हे सांगणारी ब्राउझरची खूण) तपासा, नाहीतर मराठी कीबोर्डवर शब्द पक्का करायला दाबलेलं एंटरच उडी मारतं. (हे हमखास राहून जातं.) अर्धवट पट्टी दर रकान्याला इंडेक्स्डडीबीत, म्हणजे ब्राउझरच्याच साठ्यात, ठेवा. वजन वेब सिरियलने (पानाला सिरियल पोर्टवरचं यंत्र वाचू देणारी सोय) थेट काट्यावरून येतं, क्रोम 89 पासून. अट एवढीच की एचटीटीपीएस हवं आणि पहिल्यांदा पोर्ट माणसानेच निवडायचा.

पिंपळगाव_बॅकएंड
काउंटरवरच अडकलात दोघं. रात्रीचा ताळा कोण घालणार? त्याला स्क्रीनच नको. क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालणारी कमांड हवी, फरक सापडला तर एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा, शून्य म्हणजे सगळं ठीक) शून्य नसावा, म्हणजे पुढची पायरी थांबते. रकमा रुपयांत नको, पैशांत, पूर्णांकात ठेवा. हमाली-तोलाईचा हिशोब वेगळ्या लायब्ररीत काढा, पडद्याच्या कोडमध्ये घुसवू नका.

गोदाकाठ_कोड
लायब्ररी मान्य. काउंटरबद्दल मी हटत नाही. दोन्ही पडद्यांवर त्याच पन्नास पट्ट्या त्याच कारकुनाकडून भरून घ्या, वेळ आणि खाडाखोड मोजा, मग बोलू.