मदत हवी आहे: मिग-19 या सोव्हिएत लढाऊ विमानासाठी वैमानिक कसे तयार करत?

सोव्हिएत हवाई दलात मिग-15 ची दोन आसनी प्रशिक्षण आवृत्ती (यूटीआय) होती, पुढे मिग-21 चीही आली. मधल्या मिग-17 आणि मिग-19 ची मात्र सेवेत नव्हती. मिग-19 यूटीआय उत्पादनात गेलंच नाही. चीनने मात्र दोन्हींच्या बनवल्या.

‘मिग-15 यूटीआय पुरेसं होतं’ हे उत्तर सगळीकडे वाचलं. मिग-17 साठी पटतं. 1968 मध्ये अंतराळवीर गागारिन यांचा अपघाती मृत्यू झाला तोही त्याच विमानात, म्हणजे ते बराच काळ वापरात होतं. पण मिग-19 दोन इंजिनांचं, आफ्टरबर्नरवालं (जादा इंधन जाळून जोर वाढवणारं), स्वनातीत (आवाजापेक्षा वेगवान)! यूटीआय एक इंजिनी, अवस्वनी (आवाजापेक्षा कमी वेगाचं).

रशियन मजकूर चालेल, भाषांतर करून घेईन. भारतीय मिग-21 प्रशिक्षणाबद्दल नको, ते वाचलंय.

यूटीआयनंतर मिग-19 च्या पहिल्या एकट्या उड्डाणाआधी वैमानिकाला नेमके कोणते टप्पे पार करावे लागत?