चर्चा : तीन मिनिटांच्या तबकडीने ख्याल बदलला का?

चावीवाला (धागाकर्ता)

माझा दावा सरळ आहे. आज आपण 'बांधेसूद मांडणी' म्हणून जिचं कौतुक करतो, ती मैफलीत नाही, कर्ण्यासमोर घडली. गाणाऱ्यांनी ती हौसेने स्वीकारलेली नाही, यंत्राने ती त्यांच्यावर लादली.

नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा मुद्रक फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात उतरला आणि त्याने तिथल्या गायिका गौहर जानची गाणी मुद्रित केली. तिथपासून १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन येईपर्यंत सगळं काम विजेशिवाय चालायचं. मोठा कर्णा, त्याच्या निमुळत्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला जोडलेली कोरणी आणि खाली फिरणारी जाड मेणाची चकती. ती आधी उबेत ठेवून मऊ केलेली असे. चकती फिरवायला मोटर नव्हती, खाली उतरत जाणारं वजन ती फिरवायचं. पडदा हलवायची सगळी ताकद गळ्यातूनच यायची. म्हणून गायकाचं तोंड जवळजवळ कर्ण्यात असे आणि तार सप्तकात आवाज चढला की मान मागे घ्यावी लागे. नाही घेतली तर कोरणी शेजारच्या चरात घुसून चकती वाया.

दहा इंची तबकडीवर एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावत, बारा इंचीवर साडेचारच्या आसपास. मध्ये थांबायची सोय नाही. तान फसली तर मेण तासून पुन्हा पहिल्यापासून. मेणावरची मूळ प्रत वाजवून बघायचीही चोरी, कारण एकदा सुई फिरवली की चर खराब आणि ती साच्यासाठी निकामी. म्हणजे आपण काय गायलो हे गायकाला कळणार तबकडी छापून आल्यावर, आणि सुरुवातीच्या वर्षांत ती छापली जायची जर्मनीत, हॅनोव्हरला. शेवटी 'माय नेम इज गौहर जान' ही घोषणा हवी, म्हणजे आणखी तीन-चार सेकंद गेले.

आता हिशेब करा. आजच्या अतिविलंबित एकतालात मात्रेला चार सेकंद धरले तर बारा मात्रांचं एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, ४८ सेकंदांचं. १९० सेकंदांत चार आवर्तनंही पुरी होत नाहीत. सोळा मात्रांच्या मध्यलय तीनतालात मात्रा ०.६ सेकंदाची धरा, वीसच्या आसपास आवर्तनं बसतात. गायक काय निवडेल? आलाप गेला, मुखडा पहिल्या श्वासात आला, अस्ताई दोनदा, अंतरा एकदा, मग ताना. हाच साचा पुढच्या पिढीच्या कानात बसला.

ठाय_चौगुन

असहमत. गणित बरोबर आहे, निष्कर्ष नाही. तबकडीवर काय मावलं आणि मैफलीत काय गायलं गेलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जत्रेत काढलेल्या फोटोवरून माणूस आयुष्यभर ताठच उभा राहायचा असं म्हणण्यासारखं झालं हे!

किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ घ्या. १९०५ च्या आसपासच्या तबकड्यांत ते चपळ आहेत, ताना आणि सरगम भरभरून. १९३० नंतर ओडियन कंपनीसाठी दिलेल्या तबकड्यांत तेच गायक संथ, स्वरावर रेंगाळणारे. वेळ दोन्हीकडे तेवढाच, तीन-सव्वातीन मिनिटं. तुमच्या म्हणण्याप्रमाणे वेळेनेच गायकी ठरत असेल तर हा फरक कुठून आला?

आणि अल्लादिया खाँनी तबकडी दिलीच नाही. तरी जयपूरची पेचदार गायकी केसरबाई आणि मोगूबाईंपर्यंत पोचलीच की. ती समोर बसवून, तालमीतून. त्या रस्त्यात कर्णा कुठेच लागत नाही.

चावीवाला

अब्दुल करीम खाँचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे, धन्यवाद. मधल्या काळात बदललं काय? कर्णा गेला, मायक्रोफोन आला. कर्ण्याला साधारण १५०-२०० हर्ट्झच्या खालचं आणि दोन-अडीच हजारांच्या वरचं फारसं पकडता येत नसे. पुरुषाचा षड्ज काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) धरला तर तो १३९ हर्ट्झ, मंद्र पंचम १०४. म्हणजे खर्जाचा मूळ नाद बाहेरच राहिला, कानाला मिळाले फक्त त्याचे वरचे अंश. तंबोरा तर इतका क्षीण की मेणावर उमटलाच तर नशीब. म्हणून पेटी आणि सारंगी कर्ण्याजवळ बसवायचे. हळुवार मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, त्या पडद्याला हलवतच नव्हती. ऐकूच न जाणारी गोष्ट कोण गाईल? वेळेबद्दल मी थोडा मागे सरकतो, पण यंत्राने गायकी वळवली हे कायम.

ठाय_चौगुन

मधल्या पंचवीस-तीस वर्षांत खाँसाहेबांचं वयही वाढलं, हे सोयीने विसरलात. तिशीतला गळा आणि साठीतला गळा सारखं गात नाहीत. माईकने त्यांना संथ केलं की संथ झालेलं गाणं माईकने प्रथमच पकडलं, हे तबकडी ऐकून सांगता येणार नाही.

जुना_पडदा

दोघांनाही एक विनंती. 'चपळ' आणि 'चढा' हे शब्द वापरण्याआधी तबकडी कोणत्या गतीने वाजवली ते बघा. '७८' हा आकडा पुढे ठरला. १९२५ पूर्वीच्या तबकड्या ७० पासून ८२ फेऱ्यांपर्यंत कशाही निघतात. ७४ वर कोरलेली तबकडी ७८ वर वाजवली की गाणं ५.४ टक्के जलद होतं आणि स्वर जवळजवळ अर्ध्या स्वराने, म्हणजे पेटीच्या शेजारच्या पट्टीपर्यंत, वर जातो. काळी एकचा गायक पांढरी दोनमध्ये ऐकू येतो, १९० सेकंदांचं गाणं १८० त संपतं. वर आवाज बारीक आणि ताना 'अद्भुत'. नेटवर चढवलेल्या निम्म्या फायलींवरून लोक घराण्यांचे सिद्धांत मांडतात, त्यांचं मला हसू येतं.

तपासायची रीत अशी. मधल्या कागदाजवळच्या मोकळ्या भागात कोरलेला क्रमांक पाहा. लागोपाठच्या क्रमांकांच्या, म्हणजे बहुधा एकाच बसणीतल्या तबकड्या घ्या. साथीला पेटी असेल तर तिचा स्वर त्या दिवसात बदलत नाही. गाणाराही सहसा एकाच पट्टीत बसतो. पेटी ज्या गतीला नेमक्या पट्टीत येते ती गती धरा. दोन शेजारच्या पट्ट्या शक्य वाटल्या तर त्या गायकाच्या विजेवरच्या तबकड्यांशी ताडून पाहा. प्लेअरची गती स्ट्रोबच्या चकतीने तपासा, म्हणजे विजेच्या दिव्याखाली योग्य गतीला जिच्या रेषा स्थिर दिसतात त्या चकतीने. आपल्या ५० हर्ट्झ विजेवर ७७ रेषा स्थिर दिसल्या की ७७.९२ फेऱ्या.

सुईही महत्त्वाची. एलपीची बारीक सुई चराच्या तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर मिळते. टोक ७५ मायक्रॉनच्या आसपासचं हवं. अँप्लिफायरचं आरआयएए (खालचे स्वर वाढवून वरचे दाबणारी जोडणी) बंद ठेवा. ते एलपीसाठी आहे, कर्ण्याच्या तबकडीवर लावलं तर उरलासुरला वरचा भागही मरतो आणि मग 'जुन्या लोकांचा आवाज दबका होता' असा नवा शोध लागतो.

पंचम_पडदी

मला वाटतं तुम्ही चुकीच्या आरोपीला पकडलंय. आटोपशीर गाणं आणि ताकदीचा तार षड्ज, दोन्ही महाराष्ट्रात कर्ण्याआधीच होतं. ते रंगभूमीने घडवलं. १८८० च्या किर्लोस्करांच्या शाकुंतलात दोनशेच्या आसपास पदं होती. एवढी पदं एका रात्रीत बसवायची तर प्रत्येकाला किती वेळ मिळणार? पुढे १९११ मध्ये गोविंदराव टेंबे यांनी 'मानापमान'ला आणि १९१६ मध्ये भास्करबुवा बखल्यांनी 'स्वयंवर'ला चाली दिल्या. रागदारी बंदिशीचा अर्क काढून पद बनवणं हे कसब तिथे सिद्ध झालं. माईक नसलेल्या थिएटरात मागच्या बाकापर्यंत आवाज फेकायचा असे, म्हणून केशवराव भोसले, दीनानाथ यांचा तार सप्तकातला झोत. कर्ण्याला असा आवाज आवडायचा, एवढंच. त्याने तो जन्माला घातला नाही.

उलट वन्स मोअर मिळाला की बालगंधर्व तेच पद रंगमंचावर कितीतरी वाढवत. तबकडीने त्यांचं रंगमंचावरचं गाणं आखूड केलं असं कुठे दिसतं?

यंत्राने खरोखर नवीन काही आणलं असेल तर ते भावगीत. जी. एन. जोशींनी ना. घ. देशपांड्यांची कविता घरातल्या माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हटली. ती कर्ण्यात वाहून गेली असती. माईकपुढे ती तबकडी घरोघर गेली. तिथे दावा करा, मी सही करते.

चावीवाला

नाटकाचा मुद्दा मान्य, निदान मराठी गायकांपुरता. पण आग्र्याच्या जोहराबाई किंवा गौहर जान नाटकातून आल्या नाहीत. त्यांच्या तबकड्यांतली मुखडा-अस्ताई-अंतरा-ताना ही रांग तितकीच घट्ट आहे. आणि परिणाम नुसता गाणाऱ्यावर मोजू नका. भीमसेन जोशी लहानपणी गदगला अब्दुल करीम खाँची तबकडी ऐकून गाण्याच्या मागे लागले. ज्या मुलाच्या कानात पहिल्यांदा राग शिरला तोच तीन मिनिटांचा, त्याच्यासाठी तो फोटो नव्हता, मूर्ती होती.

ठाय_चौगुन

आणि त्याच मुलाने मोठा होऊन तास तास विलंबित गायलं! तीन मिनिटांच्या मूर्तीची पूजा अशी होते?

जुना_पडदा

जोहराबाईंबद्दल बोलणार असाल तर आधी कोणत्या तबकड्या, कोणत्या गतीला, ते लिहा. १९०८ ते १९११ च्या त्यांच्या मुद्रणांचं बोलत असाल तर साथीच्या पेटीवरून पट्टी लावून पुन्हा ऐका, मग ताना मोजू.