१/२४ एफ४०: रंग, पॉलिश आणि डिटेलिंगबद्दल सल्ला हवा आहे

कातरवेळ

नमस्कार मंडळी. आतापर्यंत प्लास्टिकच्या किटमधून १/७२ ची (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढी) विमानं आणि थोडे रणगाडे केलेत, गाडी मात्र पहिल्यांदाच हातात घेतेय. फेरारी एफ४०चं १/२४ किट आहे, इंजिनासकट, आणि सगळी बॉडी लाल प्लास्टिकची. विमानांवर मॅट रंग आणि वेदरिंगमुळे (वापरून जुनं झाल्यासारखं रंगवणं) बरंच काही झाकलं जातं. इथे बॉडी चकचकीत हवी, आणि तिथेच माझं गाडं अडलंय.

०.३ मिमी नोझलचा एअरब्रश आहे, पण गाडी करणारे बरेच जण स्प्रेकॅनच वापरताना दिसतात. का? क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, द्यायलाच हवा का? पॉलिश करताना कडांवरचा रंग निघतो असं वाचलं, ते कसं टाळायचं? शिवाय या गाडीसाठी फोटो-एच सेट (पातळ धातूच्या पत्र्याचे बारीक भाग), कार्बनच्या विणीचे डिकॅल (पाण्याने लावायची चित्रं), कापडी सीटबेल्ट असं बरंच काही मिळतं. सगळंच घ्यावंसं वाटतंय, पण खरा फरक कशाने पडतो ते तुम्ही सांगा.

एकास_चोवीस

गाडीच्या मॉडेलकडे बघणारा पहिल्यांदा बॉडी बघतो, मग काच, मग चाकं. इंजिन बघायला तो झाकण उचलेल तेव्हा उचलेल. म्हणून तुमचा निम्म्याहून जास्त वेळ बॉडीवर जाऊ द्या, आणि त्यातलाही बराचसा रंगाच्या आधी.

आधी बॉडी तिरप्या उजेडात धरून सीम लाइन (साच्याच्या जोडाची उठलेली रेघ) शोधा. गाड्यांच्या किटमध्ये ती बहुधा चाकांच्या कमानींवरून आणि छताच्या कडेने जाते. लाल प्लास्टिकवर ती दिसत नाही, नखाला मात्र लागते. ६०० च्या सँडपेपरने घासा, मग १००० च्या. त्यानंतर स्क्रायबरने (रेघ कोरायचं टोकदार हत्यार) दारांच्या आणि झाकणांच्या पॅनल लाइन, म्हणजे भागांमधल्या रेघा, थोड्या खोल करा. प्रायमर (रंगाखालचा पहिला थर), रंग आणि क्लिअर मिळून इतके थर बसतात की मूळची रेघ अर्धी भरून जाते. विमानाच्या मॅट रंगात हे फारसं जाणवत नाही, गाडीवर लगेच कळतं.

रंगाआधी चॅसिस, आतला टब (सीट आणि डॅशबोर्ड बसतात तो भाग) आणि बॉडी कोरडीच एकमेकांत बसवून बघा. चाकंही लावून बघा. रंग झाल्यावर बॉडी ताणून चॅसिसवर चढवावी लागली तर ती ए-पिलरपाशी (पुढच्या काचेच्या कडेचे खांब) तडकते.

आता लाल रंगाबद्दल. राखाडी प्रायमरवर लाल मळकट दिसतो आणि मग उजळ करायला थरावर थर द्यावे लागतात. गुलाबी प्रायमर घ्या, तामियाचा फाइन सरफेस प्रायमर त्या रंगात मिळतो. त्यावर तामियाच्याच टीएस मालिकेतल्या कॅनमधला टीएस-८ इटालियन रेड कमी थरांत भरतो. टीएस आणि पीएस यांत गल्लत मात्र करू नका. पीएसचे कॅन रिमोटच्या गाड्यांच्या पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी असतात, स्टायरीनसाठी (किटच्या प्लास्टिकसाठी) नव्हेत.

स्प्रेकॅनच का, तर त्यातला लॅकर ओला पडतो आणि सुकता सुकता स्वतःच सपाट होतो. एअरब्रशनेही तेच साधतं, फक्त लेव्हलिंग थिनर (रंग हळू सुकू देणारा) वापरून रंग पातळ करावा लागतो आणि शेवटचा थर जवळून, ओला मारावा लागतो. विमानासाठी आपण लांबून धुरकट थर देतो, ती सवय इथे सोडावी लागेल. कॅनच घेतला तर आधी काही मिनिटं कोमट पाण्यात उभा ठेवा, फवारा बारीक होतो. पाणी हाताला सोसेल इतपतच कोमट हवं. उकळतं पाणी नको आणि गॅसजवळ तर मुळीच नको.

सर्वात महत्त्वाचं: दारं, पुढचं बॉनेट, मागचं झाकण, स्पॉयलर हे सगळं बॉडीवर जसं बसतं त्याच दिशेत, एकाच बैठकीत, एकाच कॅनने रंगवा. वेगवेगळं रंगवलं तर लाल जुळत नाही.

दुर्बीण

वरच्याला अनुमोदन. मी डिटेलिंगबद्दल लिहितो, कारण एफ४०च्या बाबतीत खर्च कुठे करू नये हे गाडीच सांगते.

१९८७ मध्ये ही गाडी आली ती वजन कमी ठेवण्याच्या हट्टाने. बॉडीचे पॅनल कार्बन आणि केव्हलारच्या मिश्र धाग्यांचे, आणि रंग इतका पातळ की खऱ्या गाडीवर उजेड नीट पडला तर खालची वीण दिसते. आत गालिचा नाही, रेडिओ नाही, दार उघडायला आतून साधी दोरी. म्हणजे बाकीच्या गाड्यांना लोक हौसेने फ्लॉकिंग पावडर (बारीक धाग्यांचा भुगा) लावून गालिचा करतात, तो इथे चूक ठरेल. अपवाद डॅशबोर्डचा, त्यावर करडं नमद्यासारखं कापड असतं. तिथे मॅट करड्या रंगावर अगदी बारीक पावडर भुरभुरली तर छान दिसते.

दाराच्या दोरीसाठी काळा शिवणदोरा पुरतो. सीटचं कापड लाल, पण बॉडीचा लाल तिथे वापरू नका. जरा गडद, पूर्ण मॅट लाल घ्या. एकाच गाडीत दोन लाल वेगळे दिसले की आतला भाग एकदम खरा वाटायला लागतो.

कार्बनचे डिकॅल घेणार असाल तर विणीचा आकार बघून घ्या. बाजारातले पुष्कळसे इतके ठसठशीत असतात की १/२४ ला वीण बोटाएवढी जाड वाटते. सर्वात बारीक मिळेल तो घ्या, वर सॉफ्टनर (डिकॅल मऊ करणारं द्रव) लावा आणि शेवटी सेमी-ग्लॉस. फोटो-एचमधून मी दोनच गोष्टी घेईन: ब्रेकच्या डिस्क आणि जाळ्या. या गाडीची चाकं पाच आऱ्यांची आणि मोकळी असतात, आतली भोकं पाडलेली डिस्क सरळ दिसते, त्यामुळे तिथे धातूचा पत्रा शोभतो. सीटबेल्ट कापडीच घ्या, धातूचा बेल्ट सीटवर नीट पडत नाही.

इंजिनात दोन टर्बो लावलेला व्ही-८ आहे. सगळं एकाच चंदेरीत रंगवलं तर काहीच उठून दिसत नाही. ब्लॉक फिका अॅल्युमिनियम, एक्झॉस्ट थोडा तपकिरी झाक असलेला, रबरी नळ्या मॅट काळ्या, एवढ्यानेच काम होतं. प्लग वायर हवी असेल तर बारीक तार ओढा, मात्र झाकण बसतंय ना ते आधी बघा.

नीलरंग

क्लिअर कोटबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. टीएस-८ हा साधा, धातूचे कण नसलेला ग्लॉस रंग आहे, तो नुसताही पॉलिश होतो. मेटॅलिक रंगाला क्लिअर लागतोच, कारण मेटॅलिक थेट घासला की कण उघडे पडून डाग येतात. इथे क्लिअर द्यायचा तो पॉलिश करताना खालचा रंग वाचावा म्हणून. टीएस-१३ क्लिअरचे पातळ दोन-तीन थर पुरेत. आधीचे भुरभुरते, शेवटचा ओला. डिकॅलवर पहिलाच थर ओला मारला तर लॅकर डिकॅल खातो.

बरेच जण टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून वापरायचा, दोन भागांचा) सुचवतील. दिसायला तो अप्रतिम असतो, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. धुळीचा साधा मास्क ते अडवत नाही, आणि एकदा शरीराला त्याची अॅलर्जी जडली की श्वासाचा त्रास कायमचा लागू शकतो. घरातल्या खोलीत, लहान मुलं वावरत असताना तो वापरू नये असं मला मनापासून वाटतं. शिवाय दुर्बीण यांनी सांगितलंच आहे की खऱ्या गाडीचा रंग पातळ होता. त्यावर काचेसारखा जाड थर खेळण्यासारखा दिसेल.

कडांबद्दल: दाराच्या कडा, कमानींचे ओठ, स्पॉयलरची धार यांवर मास्किंग टेपची अगदी बारीक पट्टी लावा आणि मग घासायला घ्या. रंग पूर्ण वाळलेला हवा. बॉडी नाकाशी धरा, थिनरचा वास येत असेल तर अजून थांबा. ऑरेंज पील (संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा) दिसत असेल तरच ३००० चा ओला पेपर, तोही हलक्या हाताने. मग पॉलिशचे कोर्स, फाइन आणि फिनिश कंपाउंड, प्रत्येकाला वेगळं कापड. ऑरेंज पील नसेल तर थेट फाइनपासून सुरुवात करा. पट्ट्या काढल्यावर कडा फक्त फिनिशने पुसा. रेघांत अडकलेलं पांढरं कंपाउंड मऊ ब्रश आणि साबणाच्या पाण्याने निघतं.

कातरवेळ

तिघांचेही मनापासून आभार. दाराची दोरी आणि दोन वेगळे लाल, हे मला कधीच सुचलं नसतं!

म्हणजे ठरलं: कॅन, गुलाबी प्रायमर, पातळ क्लिअर, डिस्क आणि जाळ्या एवढंच फोटो-एच. टू-के बाद, घरात मुलं आहेत. अजून दोन शंका. सध्या हवा फार दमट आहे, थांबावं का? आणि पॅनल लाइनमध्ये विमानांसाठी वापरते तोच इनॅमल वॉश (रेघांत सोडायचा पातळ रंग) घालू का?

एकास_चोवीस

थांबा. दमट हवेत लॅकरमधला थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर वाफ धरते आणि रंग पांढुरका पडतो. तोवर चॅसिस, इंजिन, आतला भाग उरकून घ्या, कामाला तोटा नाही.

वॉश चालेल, पण काळा नको. लाल गाडीवर काळ्या रेघा चित्रात काढल्यासारख्या दिसतात. गडद तपकिरी घ्या. जिथे पलीकडे खरंच पोकळी आहे, म्हणजे बॉनेट आणि मागच्या झाकणाच्या फटी, तिथेच काळा. लॅकरवर इनॅमल बिनधोक बसतो. उघड्या प्लास्टिकवर, विशेषतः ताण असलेल्या जोडापाशी, इनॅमल थिनर साचू देऊ नका, स्टायरीन तडकतं.

दुर्बीण

काचेचं राहिलंच. साधा सुपरग्लू काचेजवळ आणू नका, त्याच्या वाफेने काच धुरकट होते आणि ते पुसून जात नाही. पांढरा पीव्हीए गोंद वापरा, जास्तीचा ओल्या काडीने निघतो. पुढच्या काचेची काळी किनार आतल्या बाजूने रंगवा, म्हणजे बाहेरून ती चकचकीत राहते. मागच्या काचेला हवेसाठी फटी असतात. त्या किटमध्ये नुसत्या कोरलेल्या असतील तर उगाच आरपार कापायला जाऊ नका, पारदर्शक प्लास्टिक फार ठिसूळ असतं. फटींत पातळ गडद करडा सोडा, झाकणाखालच्या इंजिनासमोर तेवढं पुरतं.

आरसे सर्वात शेवटी चिकटवा. बॉडी हाताळताना पहिले तेच तुटतात.