सव्वा वर्षाच्या बाळाला सुका मेवा: सुरुवात कशाने? (बजेट ३०० रुपये)

सईची_आई: सई १५ महिन्यांची आहे, दाढा अजून आल्या नाहीत. सुका मेवा कसा द्यावा? तयार पावडर की घरची? महिन्याला ३०० च्या वर जमणार नाही.

मामराच_बेस्ट: मामरा बदामच घ्या. आम्ही अडीच हजार रुपये किलोने आणतो. रात्री भिजवायचा, सकाळी सोलून सहाणेवर उगाळायचा. नातवाचे तिसापर्यंत पाढे पाठ आहेत!

वऱ्हाडी_लेक: सहाणेला +१, पण मामरा कशाला? साधा बदाम पुरतो. मी तयार मिक्स पावडर आणली होती. तासाभरात लेकाच्या अंगावर गांधी उठल्या आणि कशाने ते कळेचना. तपासणीत काजू निघाला. डॉक्टरांनी पिस्ताही बंद केला, ज्याला काजू सोसत नाही त्याला बहुधा पिस्ताही नाही. एका वेळी एकच जिन्नस, पाव चमचा, सकाळीच. मग तीन दिवस दुसरं नवं काही नको. ओठ सुजले, धाप लागली तर थेट दवाखाना.

खारीक_आजी: आमच्या वेळी खारीक-बदाम बाळगुटीतच जायचे. ॲलर्जीचं नावही नव्हतं.

वऱ्हाडी_लेक: आजी, गांधी तेव्हाही उठायच्या, पित्त म्हणून सोडून द्यायचे.

मामराच_बेस्ट: मामरात तेल जास्त असतं, फरक पडतोच.

धायरीचा_बाबा: अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नाही म्हणजे नाही. दिवाळीत भाचीच्या श्वासनलिकेत चिवड्यातला शेंगदाणा अडकला, दुर्बिणीने काढावा लागला. ती रात्र विसरता येत नाही. तुकडेही नकोत. पीनट बटरचा गोळाही घशात चिकटतो, पातळ करूनच द्या.

मिक्सरवाली: मिक्सर थांबत थांबत फिरवा, नाहीतर तेल सुटून गोळा होतो. पूड चाळा. आठवड्यापुरतीच करा, खवट होते. मनुका भिजवून कुस्करा, दाताला चिकटतात.

खारीक_आजी: खारीकच द्या. हाडं भरतात.

सईची_आई: सगळ्यांचे आभार. सईला इसब नाही, अंडं पचतं. डॉक्टरांना विचारून शेंगदाण्यानेच सुरुवात केली. २०१५ च्या लंडनच्या अभ्यासात ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या बाळांना अकरा महिन्यांच्या आत शेंगदाणा सुरू केला, तर त्यांच्यात ती ॲलर्जी खूपच कमी दिसली. आम्हाला आधीच उशीर झालाय. पाव किलो दाणे आणून भाजले, बारीक कूट करून चाळलं. आज पाव चमचा नाचणी सत्त्वात दिलं. दोन तास जवळून हलले नाही. काही झालं नाही.

मामराच_बेस्ट: शेंगदाणा उष्ण पडतो हो ताई. बदाम घ्या.

सईची_आई: पुढच्या महिन्यात, काका. साधाच.