वारा वाढला की ग्लायडर पुढेच जात नाही, वजन वाढवू की एलेरॉनवालं घेऊ? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, इथे कोणी आरसी (रिमोटवर उडणारं) ग्लायडर उडवतं का? मी चार महिने उडवतोय, शिकलो सगळं यूट्यूबवर आणि आपटून आपटून, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

माझं फोमचं आहे, पंखांचा स्पॅन २ मीटर, नाकावर मोटर आणि फोल्डिंग प्रॉप (मिटणारा पंखा), एलेरॉन (पंखांवरच्या हलत्या पट्ट्या, कलून वळायला) नाहीत, नुसतं शेपटीवरचं रडर-एलिव्हेटर (रडर दिशेला, एलिव्हेटर नाक वर-खाली करायला). बॅटरीसकट ८५० ग्रॅम. सपाट माळावर एकदम गुणी, मोटरने वर न्यायचं, बंद करायची, घारी जिथे घिरट्या घालतायत तिथे जाऊन आपणही घालायच्या, एकदा २२ मिनिटं बिनमोटरचं राहिलं (बायको गाडीत बसून वैतागली तो विषय वेगळा).

भानगड डोंगरावर होते. कामशेतजवळ एका धारेवर जातो आम्ही, पॅराग्लायडिंगवाले असतात ती बाजू सोडून. दुपारनंतर पश्चिमेचा वारा धारेवर सरळ येतो, लिफ्टच लिफ्ट (वर उचलणारी हवा). ताशी १५-२० किमी वाऱ्यात मजा येते पण ३० च्या आसपास गेला की माझं नुसतं टांगून राहतं, मग हळूहळू मागे सरकतं, मी एलिव्हेटर ओढतो, अजून मागे. गेल्या रविवारी धारेच्या पाठीमागे गेलं आणि तिथली हवा असली खाली दाबते की मोटर फुल देऊनही थेट करवंदीच्या जाळीत. पंखाची कड फाटली, माझे हात पण.

त्याच वेळी मित्राचं १.८ मीटरचं एलेरॉनवालं, ११०० ग्रॅम, आरामात पुढे जाऊन वळून येत होतं. मग अदलाबदल केली. त्याचं मी उडवलं, मस्त गेलं. माझं त्याने उडवलं तर थोडं का होईना पुढे गेलं, का ते त्यालाही सांगता येईना. पण संध्याकाळी वारा पडल्यावर त्याला सारखी मोटर लावावी लागत होती आणि माझं वर तरंगतंय, त्यामुळे हे विकून टाकायचाही जीव होत नाही. २०० ग्रॅम शिसं टाकलं तर चालेल का, की सरळ एलेरॉनवालं घेऊ?

प्रतिसाद:
मित्राच्या हातात पुढे गेलं ना, तिथेच उत्तर आहे. मागे सरकताना एलिव्हेटर ओढलात की वेग अजून मरतो. उलट दोन-तीन क्लिक डाउन ट्रिम (नाक कायम जरा खाली राहील असं सेटिंग) द्या, धारेसमोर लिफ्ट असतेच, उंची फारशी जात नाही. वजनाचं म्हणाल तर वेग वजनाच्या वर्गमुळाने वाढतो, ८५० मध्ये २०० टाकले तर साधारण ११ टक्के, म्हणजे ३० चे ३३, बास. सिंकही (खाली येण्याचा वेग) तेवढाच वाढतो, ग्लाइड रेशो (उंचीच्या मानाने कापलेलं अंतर) तोच राहतो. शिसं बरोबर सीजीवर (गुरुत्वमध्यावर, जिथे विमान तोलून राहतं) ठेवा आणि मग झटक्यात पुलअप करू नका (नाक वर खेचू नका), पंख तुटेल. त्याआधी डाइव्ह टेस्ट करा: उंचावरून नाक खाली घालून स्टिक सोडा, झपकन वर उठलं तर नाक जड आहे.

धागाकर्ता:
आत्ता बोटांवर तोलून बघितलं, सीजी मॅन्युअलपेक्षा १ सेंमी पुढे आहे!! जास्त वेळ उडावं म्हणून मोठी बॅटरी टाकली होती मीच, आणि नाक पडतं म्हणून अप ट्रिम देत बसलो. रविवारी जुनी बॅटरी आणि १०० ग्रॅम शिसं घेऊन जातो. एलेरॉनवाल्याचा विषय घरी सध्या काढत नाही.