कोयता की परदेशी चाकू? डोंगरातल्या मुक्कामाचं एकदा बोलूच

कृष्णाकाठ: काल इथं कुणीतरी ठोकून दिलं, ‘मुक्कामाला जायचं तर परदेशी स्टेनलेस चाकूच घ्या, लोहाराचा कोयता म्हणजे पहिल्या पावसात गंजणारं भंगार.’ डोकंच फिरलं. गंज चढतो तो न पुसणाऱ्याच्या कोयत्यावर. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा, नीट पाणी पाजलेला (तापवून, बुडवून धार कडक केलेला) कोयता वाळका ओंडका फोडतो, नारळ फोडतो आणि धार गेली तर साध्या दगडावर जागच्या जागी परत येते. तुमचं महागडं कडक स्टील बोथट झालं की डायमंडची पट्टी लागते, आणि ती नेमकी घरी राहिलेली असते.

सांगलीची भटकी: ते मीच लिहिलं होतं आणि आजही तेच म्हणेन. मुक्कामाला काम काय असतं? कांदा चिरणं, दोरी कापणं, पाकीट फोडणं. त्यासाठी पाठीवर लोखंड कशाला वाहायचं? आणि ‘नीट पाणी पाजलेला’ हे ओळखायचं कुणी? बाजारातून आणलेल्या माझ्या कोयत्याची धार पहिल्याच गाठीवर दुमडली. मैत्रिणीनं त्याच पालावरून घेतलेल्याचा टवका उडाला.

पाटणवाला: ताई, घेतानाच कानस फिरवून बघायची. पाणी नीट पाजलेलं असेल तर धारेवर ती जेमतेम लागते, मुठीजवळ सहज चावते. दोन्हीकडे सारखीच चावली तर तो ठेवून द्यायचा. आणि चाकावर धार लावणाऱ्याकडे देऊ नका. ठिणग्या उडताना पातं तापतं, धारेवर निळी झाक आली की पाणी उतरलंच समजा. ओल्या दगडावर एकाच कोनात घासत राहायचं, पलीकडच्या बाजूला बारीक खरखर बोटाला लागली की बाजू पालटायची. स्टेनलेसलाही हेच. स्टेनलेस गंजतच नाही हेही खरं नाही, उशिरा गंजतं एवढंच.

जावळीकर: धारेचं राहू द्या. कोयता नेताय कुठं ते आधी सांगा. बामणोलीहून लाँचनं वासोटा किल्ल्याला? ते कोयना अभयारण्य आहे, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. वन्यजीव कायदा १९७२, कलम ३१ : लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार नेता येत नाही. शिवाय कारवी! सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारं हे झुडूप मुक्कामाला येणारे लोक तंबूच्या खुंट्यांसाठी छाटतात. आमच्या गावातल्या म्हातारीनं वाळक्या काटक्यांची मोळी आणली तर चार प्रश्न, आणि पाहुण्यांना मोकळं रान.

कृष्णाकाठ: अहो, अभयारण्याचं नाव तरी काढलं का मी? तापोळ्याच्या बाजूला मालकाला विचारून शेतात राहतो, वाळकं सोडून काही तोडत नाही. मला कारवीतोड्यांच्या रांगेत बसवू नका. आणि शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याला बंधन असलं, तरी शेतीच्या अवजाराला सूट आहे.

जावळीकर: ती सूट तिकडची. वन्यजीव कायद्यात हत्याराच्या व्याख्येत चाकूसुद्धा आहे. आणि शेतीचं अवजार शेतकऱ्याच्या हातात. पुण्याच्या गाडीत शीटखाली सापडलं तर पोलिसांना काय सांगणार, ऊस तोडायला निघालो होतो?

सांगलीची भटकी: मग माझा घडीचा चाकूही नको म्हणताय?

जावळीकर: अभयारण्यात नकोच. तिथं मुक्कामच नाही, संध्याकाळच्या आत परत यायचं असतं. भाकरी-चटणी बांधून न्या, कापायचंय काय?

कृष्णाकाठ: कलमाचं मानतो. बाकी तुमच्या बोलण्यातला राग माझ्यावर काढायचं कारण नव्हतं.

सांगलीची भटकी: कानशीचं पाटणवाल्यांचं ऐकेन, पुढचा कोयता तसाच घेईन, पण तो घरच्या नारळांसाठी. डोंगरात घडीचाच. आणि कृष्णाकाठ, ‘न पुसणाऱ्याच्या’ म्हणालात ना? पावसाळ्यात कोयता चामड्याच्या म्यानात ठेवता की नाही, ते सांगा. चामडं ओल धरतं, पात्यावर डाग तिथूनच पडतात.

पाटणवाला: हे मात्र खरं. म्यान फक्त वाटेपुरतं. घरी आल्यावर कोरडं पुसून खोबरेलाचा हात द्या, कागदात गुंडाळून ठेवा. थंडीत खोबरेल थिजतं, चोळून लावलं की पुरतं.

कृष्णाकाठ: मी शिलाई मशीनचं तेल लावतो. खोबरेलावर धूळ बसते.

पाटणवाला: मशीनच्या तेलाच्या कोयत्यानं फोडलेला नारळ तुम्हीच खा.