बाबा गेल्यानंतर आईसाठी थेरपिस्ट हवा आहे, नागपुरात कसा शोधायचा?

लिंबोणी

बाबांना जाऊन पाच महिने झाले. आई ५८ वर्षांची, राहायला मानेवाडा भागात. तेरवीपर्यंत घर भरलेलं होतं, आता दिवसभर ती एकटी. जेवण अर्ध्यावर, झोप तीन-चार तास. दाराची बेल वाजली की बाबा आले असं वाटून उठते. सायकिआट्रिस्टकडे न्यायचं की काउन्सेलरकडे? पाट्या बऱ्याच दिसतात, पण त्यातलं खरं शिकलेलं कोण हे कळत नाही. मराठीत बोलणारं कुणी हवं. आणि "मी काय वेडी झाली का?" म्हणते, तिला तयार कसं करायचं?

मनमोकळे

ताई, पाच महिन्यांनी बेलच्या आवाजाला उठणं हा आजार नाही. दुःख लांबलंय असं निदान करायला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत (आयसीडी-११) किमान ६ महिने आणि अमेरिकन मानसोपचार तज्ज्ञांच्या यादीत (डीएसएम) मोठ्यांसाठी १२ महिने धरतात. तेही ओढ आणि वेदना रोजची असेल आणि रोजचं जगणंच अडत असेल तर. पण मदत घ्यायला निदानाची वाट पाहायची गरज नाही. जेवण-झोप इतकी कमी झाली आहे, तर आत्ताच दाखवा.

कोण काय करतं ते असं. सायकिआट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी किंवा डीपीएम (डिप्लोमा) केलेला डॉक्टर, यांच्यात औषध तोच देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही. त्याचं क्लिनिकल सायकॉलॉजीत एम.फिल. किंवा साय.डी. (डॉक्टरेट) झालेलं असतं आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी असते. त्या नोंदणीला सीआरआर नंबर म्हणतात. तो मागा, आरसीआयच्या वेबसाइटवर टाका, नाव जुळतं का आणि मुदत संपली नाही ना ते पाहा. नंबर द्यायला टाळाटाळ झाली तर पुढे जाऊ नका. काउन्सेलर मात्र एमए सायकॉलॉजी केलेला अनुभवी माणूसही असू शकतो आणि तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स केलेलाही. त्यामुळे डिग्री कुठली, कुठून केली, हे स्पष्ट विचारा.

काकूंना एकदा सायकिआट्रिस्टला दाखवा, पुढचं बोलणं क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे. त्याआधी फॅमिली डॉक्टरांकडून थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि साखर तपासून घ्या. या वयातला थकवा दुःखाच्या नावाखाली लपून जातो. काकूंना बीपीची किंवा शुगरची गोळी असेल तर आज घरी गेल्यावर स्ट्रिप हातात घेऊन उरलेल्या गोळ्या मोजा. घरातलं माणूस गेल्यावर स्वतःची औषधं सुटणं फार होतं.

झोपेच्या गोळ्यांबद्दल सावध राहा. नुसत्या दुःखासाठी बेन्झोडायझेपिन गटातल्या गोळ्या देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेचं २०१३ चं मार्गदर्शन आहे. सवय लागते आणि उतारवयात पडण्याचा धोका वाढतो. सोबत नैराश्य असेल तर त्याची औषधं वेगळी, ती डॉक्टर ठरवतील.

धंतोलीकर

धंतोली-रामदासपेठेत क्लिनिक एकमेकांना लागून आहेत. निवड फोनवरच करा, म्हणजे आईला चार जिने चढायला नकोत. विचारायचं ते असं: जवळचं माणूस गेल्यानंतरच्या दुःखावर काम केलंय का, कोणत्या पद्धतीने करता? पूर्ण सेशन मराठीत होईल का? किती मिनिटांचं (४५ ते ६० असावं), फी किती, रद्द केलं तर किती कापता? आम्ही बाहेर बसलो तर चालेल का? शेवटच्या प्रश्नाला "हो" यायला हवं. मुलगी समोर बसली की आई रडत नाही.

लांबलेल्या दुःखासाठी जी खास थेरपी आहे ती साधारण आठवड्याला एक अशी १६ सेशनची असते. त्यात गेलेल्या माणसाबद्दल बोलणं असतंच, पण टाळलेल्या गोष्टींकडे हळूहळू जाणंही असतं. बाबांचा चष्मा अजून टीव्हीवर तसाच असेल, तर तो हातात घेणं. जिथे दोघं फिरायला जायचे तिथे पुन्हा जाणं. म्हणून सुरुवातीला एखाद्या सेशननंतर माणूस जास्त रडतं. ते पाहून घरचे घाबरतात आणि थेरपी बंद करतात. चार सेशन तरी द्या. तोवर सल्ले आणि प्रवचनच ऐकायला मिळत असेल तर बदला.

"तुम्ही तिसऱ्या पायरीवर आहात" असं कुणी सांगितलं तरी बदला. दुःखाच्या पाच पायऱ्या म्हणून जे सांगतात (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार), त्या मुळात मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून मांडल्या होत्या. मागे राहिलेली माणसं तशी जिना चढत नाहीत.

लिंबोणी

दोघांचे आभार. दर आठवड्याची प्रायव्हेट फी झेपेल असं वाटत नाही. सरकारीत सोय आहे का?

मनमोकळे

आहे. मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय रुग्णालय) आणि मिहानचं एम्स, तिन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. मानकापूरकडचं प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे, पण नावानेच काकू बिचकत असतील तर मेडिकलपासून सुरू करा. अडचण गर्दीची आणि डॉक्टर बदलण्याची. मेडिकलमध्ये युनिटचे, म्हणजे डॉक्टरांच्या गटांचे, वार ठरलेले असतात. पहिल्या भेटीत केसपेपरवर युनिट कुठलं ते पाहा आणि पुढे त्याच वारी जा, नाहीतर दर वेळी सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. "सायकॉलॉजिस्टकडे समुपदेशनासाठी पाठवाल का?" हे तुम्ही स्वतः विचारा. गर्दीत ते राहून जातं.

तोवर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. विमा असेल तर एवढं लक्षात ठेवा: २०१७ च्या कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण दिलंय, पण बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावरच पैसे देतात. ओपीडीचं कव्हर आहे का ते बघा.

पळसपान

काकूंना तयार करण्याबद्दल. "तुला डॉक्टरला दाखवू" म्हणू नका. "झोपेचं एकदा विचारून येऊ" म्हणा, ते खरंही आहे. "मी वेडी झाली का" याला नुसतं "नाही गं" म्हणून विषय मिटवू नका. दुःखाने झोप उडते, भूक जाते, भास होतात, हे तिथे त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. संध्याकाळची वेळ घेऊ नका, ती त्यांना जड जात असणार.

आणि "मलाही त्यांच्याकडे जायचं" असं म्हणाल्या तर थेट विचारा, जीव द्यायचं मनात येतं का? विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही. उत्तर "हो" आलं किंवा कपाटातलं सामान, कागद वाटून देणं सुरू झालं, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. एकटं सोडू नका, गोळ्या कुलपात ठेवा आणि मेडिकल किंवा मेयोच्या कॅज्युअल्टीत न्या, रात्रीही.